झाकणावरचं नाव

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात, बफिंगच्या मशीनवरच्या भिंतीला एक कागद लावलेला आहे. लॅमिनेट केलेला, कारण तिथे पॉलिशची काळी धूळ उडते. त्यावर अकरा नियम आहेत आणि अकराही मी लिहिलेले आहेत. माझी धाकटी जाऊ त्याला ‘सासूबाईंचं सोवळं’ म्हणते. शिवू नका, ठेवू नका, दाखवू नका.

आमचा धंदा म्हणायला भांड्यांचा, पण खरा नावांचा. स्टीलचे डबे, पितळेची घंगाळं, तांब्याचे लोटे कुठेही मिळतात. आमच्या वेबसाइटवर लोक येतात ते भांड्यावर नाव घालून घ्यायला. लग्नाचा आहेर, मुंज, वास्तुशांत, कुणाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली समई. पूर्वी भांड्यांच्या दुकानाबाहेर एक माणूस हातातलं छोटं यंत्र घेऊन बसायचा आणि टरटर करत नाव घालून द्यायचा. आता गिऱ्हाईक घरबसल्या मजकूर टाइप करतं, आमचं लेझर मशीन तो उमटवतं आणि आठ-दहा दिवसांत डबा घरी पोचतो.

त्या मजकुरात काय काय असतं बघा. नवऱ्याचं नाव, बायकोचं माहेरचं नाव, लग्नाची तारीख, गाव. ‘कै.’ लिहिलं की घरातलं कोण गेलं ते कळतं. ऑर्डरच्या पुढच्या रकान्यांत पत्ता आणि फोन. हे सगळं एका कागदावर आलं की त्या घराची कुंडलीच हातात आली. म्हणून नियम एक : मजकूर आणि पत्ता एकत्र येणार नाहीत. गाळ्यात फक्त ऑर्डर नंबर आणि मजकूर जातो. पत्ते पार्ल्याला माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, पासवर्डच्या आत. पॅकिंग तिथेच मागच्या खोलीत होतं, ते जाऊ बघते. नियम तीन : फोन नंबर डबा पोचवण्यासाठी दिलेला आहे, दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. नियम सात : भांडं कितीही सुंदर झालं तरी त्याचा फोटो गिऱ्हाइकाला न विचारता कुठे टाकायचा नाही, स्वतःच्या स्टेटसलासुद्धा. नियम आठ : चुकून नाव पडलेलं भांडं, नाव घासून काढल्याशिवाय गाळ्याबाहेर जाणार नाही, भंगारातही नाही. घासायचं ते त्याच आठवड्यात, शनिवारपर्यंत. नियम नऊ : माल पोचल्यावर नव्वद दिवसांनी मजकूर, पत्ता, फोन, सगळं पुसायचं. बिलापुरतं नाव राहतं, कारण ते ठेवावंच लागतं.

लोक विचारतात, एवढ्याशा धंद्याला एवढं कशाला? आता त्यासाठी कायदाही आला आहे, हे सोपं उत्तर. पण माझा कागद कायद्याच्या आधीचा आहे. खरं उत्तर एका वहीत आहे.

पार्ल्याच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मजल्यावर फोन बरीच वर्षं फक्त आमच्याकडे होता. सगळा मजला आमच्याकडे येऊन फोन करायचा. फोनशेजारी खिळा, खिळ्याला दोरीने वही आणि वहीला दोरीनेच पेन. ती वही मी केली होती. अक्षरांप्रमाणे पानं, कडा पायऱ्यांसारख्या कापलेल्या, म्हणजे ‘क’ किंवा ‘प’ बोटाने झटकन उघडता यावं. डॉक्टर, गॅस, शाळा, शेजाऱ्यांच्या नातेवाइकांचे नंबर. कुणी पाहुणा आला की आई ती वही दाखवायची, आणि मी काही कामात असल्यासारखं करत तिथेच घोटाळायची.

समोरच्या दारात माझी मैत्रीण राहायची. तिने आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही. सगळं तिच्या डोक्यात असायचं, आणि माझ्या याद्यांची ती मनसोक्त टर उडवायची. “मी मेले तर तेराव्याची यादी तूच कर गं,” म्हणायची, “काही राहायला नको.” शाळा एक, कॉलेज एक. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी, आणि वाट्या, पातेली इकडून तिकडे. आठवड्यातून एकदा तिची आई आमच्या मांडणीसमोर उभी राहून भांड्यांवरची नावं वाचायची आणि आपली तेवढी उचलून न्यायची. रिकामी कधी नाही द्यायचो. पातेल्यात निदान चिमूटभर साखर घालून.

मग तिचं लग्न ठरलं. म्हणजे तिने ठरवलं. मुलगा घरच्यांना मान्य होणारा नव्हता, आणि तिचा थोरला भाऊ फार तापट. एका सकाळी ती एक पिशवी घेऊन निघाली. निघण्याआधी आमच्या जिन्यात तिने माझ्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर तिच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता होता.

“वाच, पाठ कर आणि फाडून टाक. फक्त तुलाच दिलाय. आणि लिहून ठेवू नकोस हं. तुझी खोड मला माहितीये.”

“नाही गं बाई.”

मी वाचली, पाठ केली आणि फाडली. फक्त फाडायच्या आधी पत्ता वहीत उतरवून घेतला. तिच्या नावाने नाही, तेवढी अक्कल होती. त्या मुलाच्या आडनावाच्या अक्षराखाली. अडीनडीला लागला तर काय करणार, असं मला वाटलं. पाठ केलेलं विसरतं. लिहिलेलं विसरत नाही.

पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ फोन करायला आला. त्यात विशेष काही नव्हतं, सगळेच यायचे. आम्ही आत चहा घेत होतो. तो बराच वेळ पानं उलटत होता. आईने आतूनच विचारलं, “पेन सापडलं का रे?” तो म्हणाला, “सापडलं काकू.”

त्यानंतर दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला.

“तू चिठ्ठी फाडली नाहीस.”

“फाडली गं. शपथ.”

“दादा आणि दोन्ही काका आले होते. तासभर खाली उभे राहून ओरडत होते. ‘पत्ता मिळाला मला, आता बघतोच.’ सगळी चाळ गोळा झाली. घरमालक म्हणाला, खोली सोडा. मग कसा मिळाला त्याला?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“वहीत उतरवून फाडली,” मी म्हणाले.

“तू पण ना,” ती म्हणाली. हे ती रोज दहादा म्हणायची, हसत. त्या दिवशी हसली नाही. फोन ठेवला. नव्या खोलीचा पत्ता तिने मला दिला नाही, कुणालाच दिला नाही. या गोष्टीला तीसएक वर्षं झाली.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या आधी, एका मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन ऑर्डरी उघडल्या. पाचवी किंवा सहावी ऑर्डर एका स्टीलच्या उभ्या डब्याची होती. मजकूर तीन ओळींचा : मुलीचं नाव, त्याखाली ‘आईकडून’, आणि त्याखाली आईचं नाव. सौ. नाही, आडनाव नाही, नुसतं नाव. माझ्या मैत्रिणीचं. खाली मागवणाऱ्याच्या रकान्यात तेच नाव, आणि पुढे, ज्याच्यासाठी तिने घर सोडलं त्या मुलाचं आडनाव.

नावं जुळतात, या धंद्यात रोज जुळतात. पण आमच्या फॉर्मवर शेवटी ‘पोचवणाऱ्यासाठी सूचना’ असा रकाना आहे. लोक तिथे ‘कुत्रा आहे’ किंवा ‘दुपारी बेल वाजवू नये’ असं लिहितात. इथे लिहिलं होतं : ‘वॉचमनला नाव सांगू नये. शेजारी पत्ता विचारू नये. सापडलं नाही तर मला फोन करावा, मी स्वतः खाली येईन.’

मी ते तीनदा वाचलं. चहावर साय धरली.

पत्ता कुठला ते मी इथे लिहिणार नाही. मुलुंड म्हणते, पण मुलुंड असेलच असं नाही. एवढंच सांगते की रिक्षाने जाता आलं असतं. इतकी वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर मी पाठमोऱ्या बायकांकडे बघत आले, कुणाची मान तिच्यासारखी दिसली की पुढे जाऊन वळून पाहत आले. आणि आता तिचे दहा आकडे माझ्या स्क्रीनवर होते.

दहाच्या सुमाराला जाऊ पॅकिंगला आली. तिला ही गोष्ट माहीत होती.

“हीच ती? मग बसलात काय अशा? लावा ना फोन!”

“नंबर डबा पोचवायला दिलाय.”

“अहो ताई, मैत्रीण आहे तुमची!”

“मैत्रिणीने नाही दिला. गिऱ्हाइकाने दिलाय.”

“धन्य आहे तुमची. बरं, मग ‘अक्षर कोणतं हवं, जाड की बारीक’ म्हणून विचारा. तो तर धंद्याचा फोन झाला. आवाज ओळखला तर ओळखला.”

खरं सांगायचं तर मी अर्धा दिवस त्यावर विचार केला. दुपारी आठ आकडे दाबलेही. पण नियम बाजूला ठेवला तरी तो सूचनांचा रकाना डोळ्यांसमोरून जाईना. तीस वर्षांनंतरही जिला आपलं नाव वॉचमनच्या कानावर गेलेलं चालत नाही, तिचा फोन वाजणार आणि पलीकडून मी म्हणणार, पत्ता मिळाला मला. मी म्हणावं? मीच?

मी फोन ठेवला आणि मजकूर गाळ्यात पाठवून दिला. नेहमीसारखा, नुसता ऑर्डर नंबर लावून.

आमच्या गाळ्यात लेझर मशीन चालवतात ते काका मालवणकडचे. तीस वर्षं त्यांनी दुकानाबाहेर बसून हाताने नावं घातली आणि साठी ओलांडल्यावर लेझर शिकले. ते चुकत नाहीत. पण त्या दिवशी आधी एका केटररची चाळीस झाकणं झाली होती, आणि त्याच ओघात त्यांनी हेही नाव झाकणावर घातलं. नाव डब्याच्या पोटावर घालायचं असतं. झाकणं घराघरांत बदलतात, डबा बदलत नाही. काकांनी लगेच डब्यावर पुन्हा नीट घातलं, नवं झाकण दिलं, आणि ते झाकण घासायच्या क्रेटमध्ये टाकलं.

बुधवारी मी गाळ्यात गेले तेव्हा ते क्रेटमध्ये सगळ्यात वर होतं. मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं. नियम आठ मोडला तो मी, आणि आजवर एकदाच.

घरी ते माझ्या तांदळाच्या डब्यावर बरोब्बर बसलं. दोन दिवस बसलं. सकाळी तांदूळ काढताना मी ते उचलायची, बाजूला ओट्यावर ठेवायची, परत लावायची. नवरा पोहे खाताना म्हणाला, “हे कुणाचं नाव?”

“चुकलेला माल आहे.”

“तुझ्याकडे? घरी?” तो इतकंच म्हणाला आणि झाकणाकडे जरा वेळ बघत राहिला. मग स्वतःची बशी स्वतः विसळून ठेवली, जे तो एरवी करत नाही.

शनिवारी मी झाकण परत नेलं. काकांना सगळं सांगितलं, कारण विचारल्याशिवाय ते घासणार नव्हते.

“व्हया तर ठेव गो बाय,” ते म्हणाले. “कोणाक कळतला?”

“मला कळेल ना काका.”

“नियम तूच केलंस मा? मगे एकदा तूच मोड.”

“मोडला. दोन दिवस मोडला.”

ते हसले. झाकण हातात घेऊन त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. “आमची आवस भांड्यांर नाव घालून घेय, ता कशाक? भांडा खंय गेला तरी परत येवक व्हया म्हणान. आणि तू पुसून घेतंस.”

मशीन सुरू झालं. मुलीचं नाव आधी गेलं, मग ‘आईकडून’, मग खालची ओळ. खोल मारलेलं नव्हतं, तीन फेऱ्यांत गेलं. तेवढी जागा बाकीच्या झाकणापेक्षा किंचित जास्त चमकत होती. काकांनी ते कोऱ्या झाकणांच्या ढिगात सरकवलं. ते झाकण विकत घ्यावं असं माझ्या मनात आलं होतं. मी घेतलं नाही.

परत येताना मात्र काकांचं बोलणं डोक्यात राहिलं. भांडं परत यावं म्हणून त्यावर ज्याचं भांडं त्याचं नाव घालतात. माझं नाव कुठे होतं? आमच्या वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ या पानावर नुसतं ‘एक छोटा कौटुंबिक व्यवसाय’ असं होतं. भिंतीवरचे नियम लोकांच्या माहितीचे. माझ्या माहितीबद्दल एकही नाही. ती कुणाला द्यायची हे ठरवणारी मीच.

त्या दुपारी मी पान नव्याने लिहिलं. माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. पार्ल्यात वाढले, जिन्याच्या डाव्या हाताचं, फोनवालं घर. खाली माझा स्वतःचा मोबाइल नंबर. तोच मजकूर कार्डावर घेतला आणि शेवटी एक ओळ घातली : ‘काही सांगायचं असेल, रागवायचं असेल, तर थेट मला फोन करा.’ छापखान्याने सोमवारी सकाळी दोनशे कार्डं दिली.

जाऊने एक कार्ड उचलून वाचलं. “दोनशे जणांना स्वतःचा नंबर? लोनवाले फाडून खातील तुम्हाला.”

“खाऊ देत.”

“त्या एकीसाठी ना हे?”

“सगळ्या पार्सलांत घालायचं. आजपासून.”

“ते कळलं हो. मी काय विचारतेय?”

मी कार्डांचा गठ्ठा सोडून टेबलावर ठेवला. ही पळवाट होती का, याचा मी नंतर बराच विचार केला. थोडी होती. पण कार्ड सगळ्यांना एकच होतं. तिच्या डब्यात मी दोन घातली नाहीत, वेगळं काही लिहिलं नाही, तिच्या मुलीला आशीर्वादसुद्धा लिहिला नाही. नियम अकराप्रमाणे खडीसाखरेची पुडी घातली, कारण आमच्याकडून डबा रिकामा जात नाही. जाऊला आवडणारा तेवढा एकच नियम. पुडीखाली कार्ड. झाकण. पट्टी.

गुरुवारी सकाळी स्क्रीनवर ओळ आली : ‘पार्सल ग्राहकाने स्वतः स्वीकारलं.’ म्हणजे ती खाली आली होती. जिना की लिफ्ट, ते मला माहीत नाही. गुडघे कसे आहेत तेही नाही. लहानपणी ती एक पायरी सोडून उतरायची.

त्यानंतर नव्वद दिवस. तक्रार आली नाही, प्रतिक्रिया आली नाही, फोन आला नाही. पुसायच्या दिवशी यादीत चौदा नावं होती. एरवी मी सगळ्यांवर एकदम खूण करते आणि बटण दाबते. त्या दिवशी तेरा आधी पुसली. मग एक कप चहा केला, तो पूर्ण प्यायले, कप धुऊन पालथा घातला आणि चौदावं पुसलं. संगणकाने विचारलं, नक्की? मी ‘हो’ दाबलं.

पत्ता मी मुद्दामच पाठ केला नव्हता. तरी बिल्डिंगच्या नावाचं पहिलं अक्षर आठवतं, आणि फोनचे शेवटचे दोन आकडे. पण ते कुठे लिहिलेले नाहीत. माझ्या कुठल्याच वहीत, कुठल्याच यादीत नाहीत. वय होत चाललं आहे, तेही एक दिवस विसरेन. विसरले तर विसरले.

पूर्वी मी अनोळखी नंबर उचलत नसे. आता सगळे उचलते. जाऊचं खरं झालं, लोनवाले येतात, फ्लॅटवाले येतात. मालाडहून एका बाईंचा नेहमी फोन येतो, पितळेला चिंच लावू की लिंबू. एका आजोबांनी बायकोचं नाव घातलेल्या लोट्याबद्दल पाऊण तास सांगितलं. परवा पॅकिंग चालू असताना फोन वाजला. मी हातातली पुडी टाकून उचलला.

“हॅलो?”

पलीकडे कुणी बोलेना. पंख्याचा आवाज येत होता. मी पुन्हा हॅलो म्हणाले. मग खाकरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पर्सनल लोन की रिक्वायरमेंट है क्या?”

“नको गं बाळ,” मी म्हणाले.

“परत लोनवाली?” जाऊने विचारलं.

“हो.”

“मग उचलता कशाला दर वेळी?”

मी फोन वजनकाट्याजवळ ठेवला, स्क्रीन वर करून. आवाज मोठाच आहे ना ते एकदा बघून घेतलं. मग पुढचा डबा ओढला, पुडी घातली, कार्ड घातलं आणि झाकण लावलं.